अकोल्याचे आगरकर आणि आपले हळदीकुंकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला विषय कोणता घ्यावा म्हणून विचारले तेव्हा चिटणीसबाईंनी मला 'उन्हाळी वाळवणे' सुचविले होते. विषय उत्तमच आहे आणि सरगुंड्या-कुरड्यांवर मी तासभर बोलू शकेन. पण यंदा मी हट्टाने निराळा विषय मागून घेतला. पाश्चात्त्यांचे नीतिशास्त्र! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काहींना हसू आले असेल, तर ते खुशाल हसून घ्यावे. पुढे एके ठिकाणी मीच हसविणार आहे.

हे मी शिकले कुठे, तेही सांगते. माझी मुलगी अमरावतीला बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन शिकते. सुटीत आली की स्वयंपाकघरात पाटावर बसून पुस्तक उघडते. इंग्रजी ती वाचते, मराठीत मला सांगते आणि मी भाकरी थापते. मराठी पुस्तके मी माझी मीच वाचली. आणि हा विषय आजच का, हेही उघड आहे. संक्रांत तोंडावर आली आहे आणि गेल्या बैठकीत हळदीकुंकवाची गोष्ट अर्धवट राहिली. विधवा भगिनींना बोलवायचे की नाही, यावर दोन तट पडले, आवाज चढले, आणि शेवटी चहा घेऊन आपण सगळ्या घरी गेलो. 'चांगले वागणे म्हणजे काय' हा प्रश्न आपल्या सतरंजीवर येऊन बसला आहे. त्याला उठवून लावता येत नाही. तेव्हा ज्यांनी त्यावर आयुष्य घालविले त्यांना विचारून पाहू, एवढाच माझा हेतू.

सुरुवात विलायतेतून नको, आपल्या गावातूनच करू.

गोपाळ गणेश आगरकर हे नाव शाळेत सगळ्यांनी ऐकले आहे. पण ते अकोल्याचे विद्यार्थी, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. (विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदाही त्याच १८५६ सालचा. मला हा योगायोग फार आवडतो.) घरची परिस्थिती अगदी बेताची, शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी असे करीत हा मुलगा नातलगांच्या आधाराने अकोल्याला आला. इथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्याला लाभले. 'वऱ्हाड समाचार' पत्रात लिहून चार पैसे मिळवावेत, अभ्यास करावा, असे करीत १८७५ साली तो मॅट्रिक झाला. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, असे दिवस काढून एम.ए. झाला. मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही, पोटापुरते घेऊन लोकांसाठी झटेन, असे त्यांनी आईला लिहून कळविले. त्या माउलीला पत्र वाचून काय वाटले असेल, हे चरित्रकार फारसे सांगत नाहीत. आपण आया आहोत, आपल्याला विचारा.

'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. पुढे दोघांचे बिनसले आणि १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला. त्यात त्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिले, मुलींना मुलांसारखेच आणि मुलांबरोबर शिक्षण द्या म्हणून लिहिले, आणि बायकांनी जाकिटे घालावीत म्हणूनही लिहिले. लोक इतके चिडले की जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ ला, चाळिशीही गाठण्याआधी, दम्याने ते गेले. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून खर्चाचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

हा माणूस देव मानीत नसे. मग नीती कशासाठी पाळायची? पुण्याची आशा नाही, नरकाची भीती नाही. खोटे का बोलू नये, दुबळ्याला का लुबाडू नये? आगरकरांना याचे उत्तर इंग्रज पंडितांच्या पुस्तकांत दिसले. मुख्यतः दोघांच्या: जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर.

मिलचे म्हणणे आपल्या भाषेत असे, की कृत्य चांगले की वाईट हे त्याच्या फळावरून ठरवावे. ज्याने जास्तीत जास्त माणसांचे सुख वाढेल आणि दुःख कमी होईल ते चांगले. हे त्याच्या आधी बेंथॅमने मांडले होते. मिलने त्याला जरा माणसाळविले. आणि एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे: या हिशेबात बायकांचे सुखदुःखही पूर्ण मापाने धरले पाहिजे, असे त्याने निक्षून सांगितले. स्त्रियांच्या दास्यावर त्याने १८६९ साली एक आख्खे पुस्तक लिहिले. विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरविल्याने कोणाचे सुख वाढते, हा सवाल आगरकर विचारीत, तो याच तराजूतला होता. त्याचे उत्तर कोणाला देता येईना, म्हणून तर प्रेतयात्रा काढावी लागली.

पण या तराजूत एक खोट आहे, आणि ती टिळकांनी दाखविली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली छापून निघाले. ग्रंथ गीतेवरचा, पण त्यात मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या सगळ्यांची झडती आहे. मी तो सगळा वाचला असे म्हणणार नाही. नीतीची प्रकरणे वाचली. त्यांत अमेरिकेतल्या एका शहराची गोष्ट आहे. तिथे ट्राम काढायची होती आणि सरकारी परवानगी मिळेना. ट्रामवाल्याने अधिकाऱ्याला लाच दिली, परवानगी मिळाली, ट्राम सुरू झाली, साऱ्या गावाची सोय झाली. पुढे लाच उघडकीस आली आणि खटला झाला. आता फळच पाहायचे तर लाचेने गावाचे भलेच झाले! पण कोर्टाने त्याला दोषी धरले आणि कोणाही भल्या माणसाला ते पटेल. टिळकांचे म्हणणे, बाहेरचे फळ मोजून भागत नाही. करणाऱ्याची बुद्धी कशी होती ते पाहावे लागते.

दुसरा तराजू जर्मनीतल्या कांटचा. याची राहणी इतकी नेमाची, की तो फिरायला निघाला की शेजारी घड्याळे लावीत म्हणे. फळाकडे पाहूच नका, कर्तव्य म्हणून करा, आणि जो नियम साऱ्या जगाला लावता येईल तोच आपल्याला लावा, असे त्याचे सांगणे. वाचताना वाटते, वा, किती स्वच्छ! पण १७९७ साली त्याने लिहून ठेवले, की खुनी माणूस दारात येऊन 'तुमचा मित्र घरात लपला आहे का' असे विचारील, तरी खोटे बोलू नये. हे ऐकल्याबरोबर माझा हात तव्यावरच थांबला. कारण ही गोष्ट आपल्याकडे आहे आणि तिचा शेवट नेमका उलटा आहे! कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. कौशिकाचे व्रत खरेच बोलण्याचे. चोरांना भिऊन काही माणसे रानात लपली. चोरांनी कौशिकाला विचारले, त्याने खरे ते सांगितले, माणसे मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. आपल्या आजीला कांट माहीत नव्हता, पण कुठे गप्प बसावे हे तिला माहीत होते.

म्हणजे फळाचा तराजू एकीकडे झुकतो, नियमाचा दुसरीकडे. यांच्या आधीचा, सर्वांत जुना असा तिसरा विचार आहे. तो ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलचा. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकातला. प्लेटोचा हा शिष्य, शिकंदराचा गुरू. 'मी या प्रसंगी काय करू' हा त्याचा पहिला प्रश्नच नव्हे. त्याचा प्रश्न, 'मी कसे माणूस व्हावे?' आणि तो म्हणतो, चांगुलपणा ऐकून येत नाही, करून करून येतो. घरे बांधता बांधता गवंडी होतो, वाद्य वाजविता वाजविता वादक होतो. तसे धीराचे काम करता करता माणूस धीट होतो आणि देता देता उदार होतो. आपल्याला हे पुस्तकातून कळायला नको. भाकरी थापायला कोणी पाठ देऊन शिकविते का? पहिल्या पन्नास भाकरी वेड्यावाकड्या होतात, काठ फाटतात, आणि मग एक दिवस हातालाच कळू लागते.

तो आणखी म्हणतो, सद्गुण मध्यावर असतो. धैर्य एकीकडे भ्याडपणा आणि दुसरीकडे आडदांडपणा यांच्या मधले. औदार्य कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधले. मात्र हा मध्य दोरीने मोजून सापडत नाही. कोणाला, किती, केव्हा, कशा रीतीने हे ओळखणारी जाण लागते. मिठाचे प्रमाण कुठल्या पुस्तकात पाहून घालता? वरणाला निराळे, पिठल्याला निराळे, आणि घरात रक्तदाबवाले माणूस असले तर आणखी निराळे.

या विचाराचे चालते-बोलते उदाहरण आपल्याच मातीत होऊन गेले. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातला. बालपण मामाकडे दापुऱ्याला, अकोला जिल्ह्यात. दोन्ही जिल्ह्यांनी अभिमान धरावा असा माणूस! शाळेचे तोंड पाहिले नाही. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तनात त्याच लोकांची डोकी झाडायची. पाया कोणाला पडू दिले नाही. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी खापराचा तुकडा आणि चिंध्यांचे पांघरूण. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले तोवर खराटा सुटला नाही. आज माझ्या मुलीच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव येणार, ते याच न शिकलेल्या माणसाच्या नावाचे आहे. ॲरिस्टॉटलला दाखवायला आवडले असते.

पण त्या ॲरिस्टॉटलशी आपले एक भांडण आहे, ते लपवून कसे चालेल? त्याने गुलामगिरी योग्य ठरविली. आणि बायकांविषयी लिहिले, की विचार करण्याची शक्ती त्यांना आहे, पण तिला अधिकार नाही. म्हणजे तुम्ही विचार करा, पण निर्णय दादा घेतील! हे वाचून मुलगी पुस्तक आपटणार होती. मी म्हटले, थांब बाई, पुस्तक वाचनालयाचे आहे.

गंमत पुढेच आहे. मिलच्या फळाचा आणि कांटच्या नियमाचा बोलबाला होऊन ॲरिस्टॉटलचा प्रश्न मागे पडला होता. तो पुन्हा पुढे आणणाऱ्यांत बायका आघाडीवर होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डचे पुष्कळसे पुरुष लढाईवर गेले आणि वर्गातून बायकांचा आवाज ऐकू येऊ लागला. एलिझाबेथ अँस्कम, फिलिपा फूट, आयरिस मर्डॉक, मेरी मिजली या चौघी तेव्हाच्या विद्यार्थिनी. अँस्कम ही सात मुलांची आई. १९५६ साली तिच्या विद्यापीठाने अमेरिकेचे ट्रूमन यांना सन्मानाची पदवी द्यायचे ठरविले. हिरोशिमा-नागासाकीवर ज्यांच्या हुकुमाने अणुबाँब पडले, ते हे ट्रूमन. बाँबने लढाई लवकर संपली, एकूण माणसे कमी मेली, हा फळाचा हिशेब त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी होता. ही बाई सभेत उभी राहिली आणि म्हणाली, निरपराध माणसांना ठरवून मारणे हा खून आहे. तिच्या बाजूने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे आणि पदवी दिली गेलीच. दोन वर्षांनी, १९५८ साली, तिने लेख लिहून सांगितले, की 'करावे', 'करू नये' ही कोरडी भाषा आता पुरे. आधी माणसाचा स्वभाव आणि सद्गुण म्हणजे काय ते पाहा.

फिलिपा फूटने १९६७ साली एक कोडे घातले. ट्राम बेफाम सुटली आहे. सरळ गेली तर पाच माणसे चिरडतील, वळविली तर एक. काय कराल? या शास्त्राला ट्रामचे एवढे वेड का, कोण जाणे! आपल्या वऱ्हाडात ट्राम नव्हती, शकुंतला होती; मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी. ती इतकी सावकाश, की पाचही माणसे उठून, धोतर झटकून, गार्डाला रामराम करून बाजूला झाली असती. कोडेच उरले नसते.

(आता हसलात ना? मी म्हटले होते.)

पण मला या चौघींत खरी जवळची वाटली ती मर्डॉक. तिच्या १९७० साली निघालेल्या पुस्तकात उदाहरण आहे ते राजाचे नाही, लढाईचे नाही, सासूचे आहे! एक सासू. सून तिला पसंत नाही. पोरगी मनाने बरी, पण पोच नाही, मोठ्याने बोलते, थिल्लर वागते, आपल्या मुलाला शोभत नाही. पण सासू घरंदाज. वागण्यात काडीचे उणे दिसू देत नाही. पुढे सून परदेशी गेली असे धरा, म्हणजे आता वागणुकीचा प्रश्नच मिटला. अशी ही सासू एक दिवस स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, मनात थोडा मत्सरही असेल. पुन्हा एकदा नीट पाहू दे. आणि ती पाहते. हळूहळू तिला दिसू लागते, की पोरगी अडाणी नाही, सरळ आहे. थिल्लर नाही, आनंदी आहे. बाहेर काही बदलले नाही. एक शब्द नाही, एक कृती नाही. मर्डॉक विचारते, या बाईने काहीच केले नाही, असे म्हणाल का?

फळ मोजणाऱ्याला इथे मोजायला काही सापडत नाही. नियमवाल्याला मोडलेला नियम सापडत नाही. आणि तरी त्या घरात सर्वांत मोठे काम त्याच दिवशी झाले. दुसऱ्याकडे न्यायाने, मायेने पाहणे हेच मुळी नीतीचे काम आहे आणि ते रोजच्या सरावाने येते, असे तिचे सांगणे. किती सासवासुनांच्या पोटात हे काम गुपचूप चालते! त्याला कोणी शास्त्र म्हटले नव्हते इतकेच.

आता आपल्या सतरंजीवर येऊ.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता घालून दिला. नियम झाला, फार चांगले झाले. पण परिपत्रक काही आपल्या घरी येऊन वाण देत नाही.

गेल्या बैठकीत एका बाईंनी फार मनापासून म्हटले, 'आपण बोलावले आन् तिले अवघडल्यावानी झालं तं? तिच्या मनाले लागू नये म्हणूनच तं बोलावत नाही, माय.' यात कपट नाही हे मी जाणते. पण त्या सासूसारखे पुन्हा एकदा पाहू. आपल्यातल्या एक काकू दरवर्षी आदल्या दिवशी येतात. तीळ निवडतात, भाजतात, गुळाचा पाक त्यांच्याच हातचा, कारण आपल्या पाकाचा दगड होतो. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पहिली पैठणी जिन्यात दिसली, की त्या मागल्या दाराने निघतात. आपण म्हणतो, काकूंना गर्दी आवडत नाही. खरेच आवडत नाही का? गणपतीच्या आरतीला त्या सर्वांत पुढे असतात.

ज्यांचा विरोध आहे त्यांच्या बाजूनेही एक बोलते. दारात आलेल्या बाईच्या कपाळावर, तिला न विचारता, सर्वांदेखत कुंकू लावून टाकायचे आणि फोटो काढायचे, हे मला पसंत नाही. ते धैर्याच्या पलीकडचे टोक झाले. आगरकर एवढे कडवे, पण त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या आणि घरात त्यांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. दुसऱ्याची सुधारणा तिच्या कपाळावर करायची नसते. पण 'लोक काय म्हणतील' म्हणून मागले दार उघडे ठेवायचे, हे अलीकडचे टोक. मधली वाट काढायची तर ती अशी काढावी, असे मला वाटते: बोलावणे सर्वांना, एकाच शब्दांत, घरी जाऊन. दारात तबकात हळद, कुंकू, अत्तर, फूल सगळे असेल. जिला जे हवे ते तिने आपल्या हाताने घ्यावे, आणि नको म्हणणारीला 'का' असे विचारू नये. तिळगूळ आणि वाण मात्र सर्वांना एकसारखे. आणि बसायला खुर्च्या निराळ्या नकोत.

पहिल्या वर्षी अवघड वाटेल. एखादी सासू आपल्या सुनेला पाठविणार नाही. न पाठवो, तिच्यावर रुसू नये. पहिल्या पन्नास भाकरींचे मी आधीच सांगितले आहे.

काकूंकडे मी काल जाऊन आले. त्यांना विचारल्याशिवाय इथे त्यांच्याविषयी बोलणे बरे नव्हते. 'बोल' म्हणाल्या. येणार का, ते सांगितले नाही. एवढेच विचारले, यंदा तीळ किती किलोचे?

तेव्हा तो आकडा आज ठरला पाहिजे. माणसे वाढणार, मागच्या वर्षीचे पाच किलो पुरायचे नाहीत. मी आठ धरले आहेत. गूळ चिकीचा कोणी आणायचा, तेही ठरवू. मंडळाची गंज लहान पडेल. ज्यांच्याकडे मोठी गंज आणि लांब दांड्याचा झारा असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला येऊन सांगावे.